‘बिल हवं असेल तर जीएसटी पडेल’ म्हणणाऱ्या आमच्या दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले समस्त किरकोळ व्यापारी बंधू-भगिनी
आणि गावोगावच्या व्यापारी संघांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी दुकानांचे हिशेब लिहिते. किराणा, कापड, भांडी, इलेक्ट्रिकचं सामान, एक-दोन खानावळी. तुमची खरेदी-विक्रीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची, मधल्या दिवसांत इनपुट, म्हणजे खरेदीवर भरलेला आणि विक्रीच्या करातून वळता होणारा कर, जुळत नाही म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागायचं, हा माझा महिना. त्यामुळे तुमच्या गल्ल्यामागची ओढाताण मला ठाऊक आहे. आणि संध्याकाळी पिशवी घेऊन मीही तुमच्याच काउंटरसमोर उभी असते. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायची आहे. कर गिऱ्हाईक भरतं, तुम्ही तो गोळा करून सरकारला पोचवता. त्यामुळे तो किती भरला हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे, आणि ते त्याला कळेल असं बिल देणं हे तुमचं काम आहे. ही माझ्या पदरची अपेक्षा नाही. करपात्र मालाच्या बिलावर कराची रक्कम ठळक दाखवावी, असं जीएसटी कायद्याचं कलम ३३ सांगतं.

तरीही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य कोणतं? ‘बिल हवं असेल तर जीएसटी पडेल.’

यातला हिशेब आधी नीट मांडते, कारण तो कुणीच मांडत नाही. समजा, मिक्सर घ्यायला एखादी बाई दुकानात आली. खोक्यावर एमआरपी ३,९९५ रुपये, सर्व करांसह. दुकानदार म्हणतो, ‘ताई, तुमच्यासाठी साडेतीन हजार. पक्कं बिल हवं असेल तर वर अठरा टक्के, म्हणजे ६३० रुपये.’ बाई मनात ३,५०० आणि ४,१३० असे दोन आकडे धरते, ६३० वाचले म्हणून खूश होते आणि वर ‘एस्टिमेट’ छापलेली चिठ्ठी घेऊन घरी जाते.

पण ४,१३० हा आकडा मुळातच खोटा आहे. खोक्यावर ३,९९५ छापलेत आणि त्यात कर धरलेला आहे. त्याहून एक रुपयाही जास्त मागायचा अधिकार दुकानदाराला नाही, मग बिल पक्कं असो की कच्चं. म्हणजे बाईचे फार तर ४९५ वाचले, आणि त्या बदल्यात तिने पक्कं बिल सोडून दिलं. उद्या मिक्सरची मोटर जळाली तर सर्व्हिस सेंटरवाला खरेदीची तारीख कशावरून धरणार? ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कोणता कागद दाखवणार? त्या चिठ्ठीवर दुकानाचा जीएसटी नंबर नाही, अनुक्रमांक नाही, बहुतेक वेळा दुकानाचं नावसुद्धा नाही.

आता तुमची बाजू. तो मिक्सर तुम्ही २,९०० अधिक ५२२ रुपये कर देऊन घेतलात. त्या ५२२ चं इनपुट तुमच्या जीएसटीच्या खात्याला, म्हणजे लेजरला, जमा झालं आणि दुसऱ्या मालाच्या करात वळतं झालं. मिक्सर साडेतीन हजाराला चिठ्ठीवर विकलात तर हातात ६०० राहतात. तोच पक्क्या बिलावर करासहित साडेतीन हजाराला विकलात तर मालाची किंमत २,९६६ रुपये १० पैसे धरली जाते, कर ५३३ रुपये ९० पैसे, आणि तुमच्या हाती जेमतेम ६६ रुपये राहतात. मोह कुठून येतो ते मला यावरून चांगलं कळतं. पण चिठ्ठीवर गेलेला मिक्सर वह्यांमध्ये दुकानातच बसून राहतो. वर्षाअखेरीला कागदावरचा शिल्लक माल वाढत जातो, गोदामात मात्र तो नसतो. मग मला विचारता, ‘मॅडम, हे कसं बसवायचं?’ मी बसवत नाही. खरेदी ऑनलाइन दिसते, विक्री दिसत नाही, हे जीएसटी खात्याच्या नजरेला आज ना उद्या येणारच, आणि तेव्हा दंड-व्याजासकट जो आकडा निघतो त्यापुढे सहाशे रुपये काहीच नाहीत.

त्यापेक्षा भाव ठरवतानाच करासहित ठरवा. ‘तीन हजार आठशे, बिलासकट’ असा एकच आकडा सांगा. गिऱ्हाईक घासाघीस करेल, ती त्याच आकड्यावर होऊ द्या. कर हा घासाघिशीचा विषय नाही.

दुसरा मुद्दा गणिताचा आहे, आणि त्यात तुम्ही आणि गिऱ्हाईक दोघेही सारखेच अडखळता. सप्टेंबर २०२५ मध्ये हे मी जवळून पाहिलं. २२ तारखेपासून १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५ किंवा १८ वर आला. शाम्पू, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून थेट ५ वर. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर. वह्या आणि पेन्सिली शून्यावर. दुसऱ्या दिवसापासून दुकानादुकानात भांडणं सुरू झाली. ‘अठराचे पाच झाले, म्हणजे तेरा टक्के कमी. मग किंमत तेरा टक्के कमी करा!’ एका दुकानात तर गिऱ्हाईक मोबाइलवर बातमी दाखवत होतं, आणि काय उत्तर द्यावं हे गल्ल्यावरच्या पोराला समजत नव्हतं. शेवटी भांडण नको म्हणून त्याने २३६ रुपयांच्या शाम्पूवर ३१ रुपये सोडले.

सोडायचे होते २६. कसे ते पाहा. एमआरपी २३६ म्हणजे मूळ किंमत २०० आणि तिच्यावर १८ टक्के, म्हणजे ३६ रुपये कर. कर ५ टक्के झाला की मूळ किंमत २०० तशीच राहते, कर १० रुपये होतो, नवी किंमत २१०. उतार २६ रुपये, म्हणजे जुन्या किमतीच्या साधारण ११ टक्के. तेरा नाही. कारण तेरा टक्के हे मूळ किमतीवर मोजायचे, पाकिटावरच्या किमतीवर नाहीत. तसंच १२ चे ५ झाले तिथे सात टक्के उतार मागू नये, सव्वासहा टक्के मागावा. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले, तिथे दहा टक्के नाही, ७.८ टक्के. आणि ज्या दुकानाने अकरा टक्क्यांऐवजी सहाच टक्के कमी केले, त्याला याच गणिताने जाब विचारता येतो. गणित दोघांच्याही बाजूचं आहे, पण ते कुणीतरी काउंटरवर मांडायला हवं.

तेव्हा बऱ्याच जणांनी ‘जुना माल अठरा टक्क्यांनी घेतलाय, आम्ही का सोसायचं?’ असं म्हणून भाव उतरवायला टाळाटाळ केली. माझ्या ओळखीच्या दुकानदारांनाही मी हेच सांगितलं, की तुम्ही सोसत नाही. जुन्या खरेदीवर भरलेल्या अठरा टक्क्यांचं इनपुट तुमच्या लेजरमध्ये जमा आहे, ते पुढच्या करात वळतं होतं. शिल्लक मालावर नव्या किमतीचा शिक्का किंवा स्टिकर लावायलाही ग्राहक व्यवहार विभागाने परवानगी दिली होती. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची गोष्ट वेगळी. तिथे कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं, आणि त्यात दुकानदाराच्या हाती काहीच नव्हतं.

करासहित किमतीतून कर कसा काढायचा, यात होणारी चूक फार जुनी आहे. लोक ११८ रुपयांवर अठरा टक्के काढतात, २१ रुपये २४ पैसे येतात, आणि बिलावर १८ रुपयेच दिसल्यावर गोंधळतात. कर ११८ वर लागलेला नाही, १०० वर लागलेला आहे. म्हणून किमतीला १८ ने गुणायचं आणि ११८ ने भागायचं. पाच टक्क्यांसाठी तर कागदही लागत नाही, किमतीला २१ ने भागलं की कर मिळतो. ४२० रुपयांचं तूप असेल तर २० रुपये कर. अठरा टक्क्यांसाठी अंदाज हवा असेल तर साडेसहाने भागा, हजारामागे रुपया-सव्वा रुपयाचा फरक पडेल. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हा धडा आहे, त्यात जीएसटीची बिलं सोडवायला देतात. तुमच्या घरातलं दहावीचं पोर गल्ल्यावर बसत असेल तर त्याला हे तुमच्याआधी कळलेलं असेल, त्याला विचारा.

बिलावर सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ अशा दोन ओळी दिसल्या की ‘दोनदा कर लावला’ अशी तक्रार अजूनही येते. कर एकच, पाच टक्के. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. परराज्यातून ऑनलाइन मागवलं की दोन ओळींऐवजी आयजीएसटीची, म्हणजे आंतरराज्य जीएसटीची, एक ओळ येते. एवढं सांगायला दहा सेकंद लागतात. ‘ते कॉम्प्युटर करतो’ म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावू नका.

आता कॉम्प्युटरच काय करतो, ते पाहू. कापड दुकानदारांनी हा परिच्छेद जरा सावकाश वाचावा. तयार कपड्याच्या एका नगाची करावेगळी विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली तर १८. ही किंमत सूट वजा जाता धरायची, टॅगवरची नाही. समजा, ३,४९९ चा कुर्ता वीस टक्के सुटीत २,७९९ रुपये २० पैशांना पडला, करासहित. यात १८ टक्के कर धरला तर मूळ किंमत निघते २,३७२. ती तर अडीच हजारांच्या आत आहे, मग १८ लागतोच कसा? ५ टक्के धरला तर मूळ किंमत निघते २,६६६. ती अडीच हजारांच्या वर आहे, मग ५ लागतो कसा? करासहित २,६२५ आणि २,९५० यांच्या मधली कुठलीही किंमत या नियमात बसतच नाही. सेल लावताना हे ध्यानात घेऊन किंमत २,६२५ वर आणा किंवा २,९५० च्या वर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये त्या मालाच्या कोडला १८ टाकलेला असेल तर ते मुकाट्याने १८ कापतं आणि तुम्ही गिऱ्हाइकाकडून जास्तीचा कर घेऊन बसता. गिऱ्हाइकांनाही सांगते. कपड्याच्या बिलात एका नगाची करपात्र किंमत अडीच हजारांच्या आत आणि शेजारी १८ टक्के दिसले, तर तिथल्या तिथे विचारा.

सुटीवरून आठवलं. बिलावर दाखवलेली सूट आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर कर लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. एक्स्चेंजमध्ये मात्र हे लागू होत नाही, आणि तिथे सगळेच फसतात. जुना फोन देऊन नवा घेतला, तर जुन्या फोनची रक्कम ही सूट नसते, ती किमतीचाच एक हिस्सा असते. फोन २४,००० चा असेल आणि जुन्याचे ४,००० धरले असतील, तरी कर २४,००० वरच. सराफाच्या दुकानात याचा चटका मोठा बसतो. दीड लाखाचा नवा दागिना केला आणि नव्वद हजारांचं जुनं सोनं मोडीत दिलं, तर तीन टक्के कर दीड लाखावर, म्हणजे ४,५०० रुपये. गिऱ्हाईक मनात साठ हजारांवरचे १,८०० धरून आलेलं असतं. त्यातून सराफाच्या पाटीवर लिहिलेला भाव बहुधा करावेगळा असतो. लग्नसराईत पै-पै जोडून आलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी हा धक्का देणं बरं नाही. भाव सांगतानाच ‘वर तीन टक्के, आणि तेही पूर्ण किमतीवर’ असं सांगितलंत तर तो आपला बेत त्याप्रमाणे आखेल.

किराणावाल्यांचा प्रश्न निराळा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पिशवीबंद धान्य-डाळी-पिठाला २५ किलोपर्यंत पाच टक्के कर आहे, ब्रँड असो वा नसो. पोत्यातून समोर मोजून दिलेल्या सुट्या तुरडाळीला नाही. एखादं दुकान सुट्या डाळीवरही पाच टक्के लावताना दिसलं तर ते चूक आहे. एवढं कळलं तरी गिऱ्हाईक ठरवू शकतं, की किलोभर तांदूळ पाकिटातला घ्यायचा की सुटा.

ज्यांची मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आहे आणि ज्यांनी नोंदणी घेतलेली नाही, त्यांना कर वेगळा लावताच येत नाही. त्यांच्या मालात कर नसतो असं नाही, ठोक व्यापाऱ्याला दिलेला कर त्यांच्या किमतीत मुरलेला असतोच. पण बिलावर ‘जीएसटी’ अशी ओळ टाकली तर ते पैसे सरळ खिशात जातात. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांनाही हीच मनाई आहे. ते स्वतःच्या उलाढालीवर ठरलेला छोटा टक्का भरतात, तो गिऱ्हाइकाकडून मागायचा नसतो. तसं बिलावर आणि दुकानाच्या पाटीवरही लिहावं लागतं. ही पाटी मी फार थोड्या दुकानांत पाहिली आहे. खानावळी आणि छोट्या हॉटेलांतून तर कंपोझिशन असूनही पाच टक्के लावलेली बिलं माझ्या हातात आली आहेत. मी मालकांना सांगून ती ओळ काढायला लावली. हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जबद्दल थोडक्यात सांगते. तो कर नाही, आणि तो आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं.

नंबर तपासणं तर अगदीच सोपं. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. पुढची दहा अक्षरं म्हणजे दुकानाचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं, नोंदणी चालू आहे की रद्द तेही दिसतं आणि दुकान कंपोझिशनमध्ये आहे का तेही. गिऱ्हाइकांनी हे तपासायला लागणं तुम्हाला अविश्वासाचं वाटेल. वाटू देऊ नका. इमानदारीने कर भरणाऱ्या दुकानदाराचं सगळ्यात मोठं नुकसान शेजारचा चिठ्ठीवाला करतो. तो तुमच्यापेक्षा पाचशे रुपये स्वस्त देतो, ते स्वतःच्या नफ्यातून नाही, कराच्या पैशातून. गिऱ्हाईक बिल मागायला लागलं तर त्याचा स्वस्तपणा टिकणार नाही, तुमचा रास्त भाव टिकेल. व्यापारी संघांनी हा विषय बैठकीत घ्यावा, असं मी मनापासून म्हणते ते यासाठीच.

मी काही मोठं मागत नाही. दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीला, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल दिलं नाही तरी चालतं, ती सवलत कायद्यानेच दिली आहे. पुढच्या रकमेचं बिल न मागता द्या. त्यावर प्रत्येक वस्तूच्या ओळीत दर दिसू द्या, नुसती खाली एक बेरीज नको. साबण पाचचा आणि डिटर्जंट अठराचा असेल तर गिऱ्हाइकाला ते वेगवेगळं वाचता आलं पाहिजे. बिलिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, ती चालू करायची असते एवढंच. थर्मल कागदाची छपाई कालांतराने पुसट होते, म्हणून वॉरंटीच्या वस्तूचं बिल साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवरही द्या. आणि गल्ल्याजवळ एक पाटी लावा. मजकूर मी इथेच देते, संघाने एकदाच छापून सगळ्या दुकानांना वाटला तर खर्चही फार येणार नाही:

‘पाकिटावरच्या एमआरपीत कर धरलेला आहे. त्यावर वेगळा जीएसटी देऊ नये.
५ टक्के कर असेल तर: किंमत भागिले २१ = कर.
१८ टक्के कर असेल तर: किंमत गुणिले १८, भागिले ११८ = कर.
आमचा जीएसटी नंबर बिलावर आहे. बिल मागून घ्या. त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.
तक्रार असेल तर आधी आम्हाला सांगा. नाही सुटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.’

कंपोझिशनवाल्यांनी दराच्या ओळी काढून तिथे ‘आम्ही गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही’ एवढं लिहावं. कुणाला आपल्या दुकानाच्या मालाप्रमाणे यात फेरफार करून हवे असतील तर मला सांगा, महिन्याच्या २० तारखेनंतर मी मोकळी असते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यापैकीच काहींचे हिशेब लिहिणारी
आणि तुमच्या सगळ्यांचीच गिऱ्हाईक